मॅडम, तुम्ही अडकलात!

प्रत्येक ऑनलाइन वर्गात शिक्षक एक असतो, विद्यार्थी चाळीस असतात आणि वैद्य एक्केचाळीस.

मॅडमचा चेहरा तोंड उघडं असतानाच स्क्रीनवर थिजला की उपचार सुरू होतात. 'मॅडम, बाहेर जाऊन परत या.' 'सगळ्यांनी कॅमेरे बंद करा.' 'मॅडम, फोन एरोप्लेन मोडवर टाकून काढा.' मागून कुणाच्या तरी आजोबांचा आवाज येतो, 'अरे, राऊटर एकदा बंद करून चालू करा म्हणावं.' मॅडम बाहेर जातात, परत येतात, 'आता येतोय का आवाज?' असं विचारतात आणि एकोणचाळीस तोंडांतून 'होऽऽ' निघतं. चाळिसावं पोर गप्प असतं, कारण त्याला प्रश्नच ऐकू आलेला नसतो. त्याची गैरहजेरी लागते.

या सगळ्या धांदलीत साधी चौकशी कुणी करत नाही, की बाबा रे, अडकलंय कुणाचं?

त्याला इंजिनिअर लागत नाही, वर्गाचा मॉनिटर पुरतो. 'ज्यांना ऐकू येतंय त्यांनी चॅटमध्ये १ लिहा.' अडतीस एक आले तर मॅडमचं नेट ठणठणीत आहे. त्यांनी बाहेर जाऊ नये, शिकवत राहावं. बिघाड उरलेल्या दोघांच्या घरी आहे. एकही एक आला नाही तर बिघाड मॅडमच्या घरी आहे, आणि मग चाळीस घरांनी आपापले राऊटर झोपवून उठवण्यात अर्थ नाही. निम्मे आले, निम्मे नाहीत, आणि न आलेले सगळे एकाच कॉलनीतले निघाले, तर कुठेतरी जेसीबीने फायबर उखडलेली असणार. अर्ध्या मिनिटाचं काम. पण अर्ध्या मिनिटात निकाल लागला तर एक्केचाळीस वैद्यांनी करायचं काय?

सर्वांत खपाचं औषध म्हणजे 'सगळ्यांनी कॅमेरे बंद करा'. आता मॅडमचं चित्र आणि आवाज त्यांच्या घरातून चाळीस वेळा निघत नाही. ते एकदाच निघतं, मीटिंगवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर पोचतं आणि पुढची चाळीस घरं तो सर्व्हर सांभाळतो. ज्याचं नेट मंद त्याला पुसट चित्र, ज्याचं दणकट त्याला स्वच्छ. मुलांनी कॅमेरे बंद केले की मुलांची जाणारी बाजू हलकी होते आणि सगळ्यांची, मॅडमसकट, येणारी बाजू हलकी होते. मॅडमच्या जाणाऱ्या बाजूला मात्र त्याने दमडीचा आराम पडत नाही, आणि अख्ख्या वर्गाचा तास बुडतो तो नेमका त्याच बाजूने. आराम हवा असेल तर कॅमेरा मॅडमनी बंद करायचा. झूमच्याच आकड्यांप्रमाणे नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात. गटाच्या मीटिंगमध्ये ७२०पीचं स्वच्छ चित्र पाठवायला त्याच्या तीसपटीहून जास्त लागतात. म्हणजे चेहरा झाकला की आवाज वाचतो. पण 'कॅमेरा ऑन ठेव, मला तुझं लक्ष दिसलं पाहिजे' असं रोज बजावणाऱ्या मॅडमना 'तुमचाच ऑफ करा' हे सांगणार कोण? त्यामुळे चाळीस चेहरे अंतर्धान पावतात आणि मॅडम तोंड उघडं ठेवून तशाच लटकत राहतात.

मग रंगमंचावर बाबा येतात. बाबा औषध देत नाहीत, ते पुरावा देतात. स्पीड टेस्टचा. 'शंभरचा प्लॅन आहे, चौऱ्याण्णव येतोय. आपल्याकडून काही प्रॉब्लेम नाही.' स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर पडतो, त्याला तीन अंगठे मिळतात आणि बाबा ऑफिसच्या कॉलला बसतात. तोही अडकतो, पण ती ऑफिसची चूक असते.

स्पीड टेस्ट काय मोजते? जवळच्याच एखाद्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या करून लाइनमध्ये जास्तीत जास्त किती कोंबता येईल, ते. तासाला इतकं कोंबायचंच नसतं. तीन-चार मेगाबिटांत त्याचं छान भागतं. त्याला हवं असतं सातत्य. आवाजाचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून ते पाठवले जातात, म्हणजे सेकंदाला पन्नास. हे पन्नास ओळीने आणि सारख्या अंतराने पोचले तर 'वर्गमूळ' ऐकू येतं. मधले गळाले तर 'व…मू…' ऐकू येतं. काही रखडले आणि मग एकदम येऊन कोसळले, तर मॅडम आधी थिजतात आणि नंतर शेवटची लोकल पकडायची असल्यासारख्या भराभर बोलू लागतात. तेव्हा बघायचे आकडे तीन: गळती किती, उशीर किती, आणि तो उशीर किती वर-खाली होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक संभाषणांना तो बोचत नाही. त्याच्या फार पुढे गेला की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, दोघं एकाच वेळी थांबतात आणि 'नाही नाही, तुम्ही बोला' हा सभ्यपणाचा सामना सुरू होतो.

हे तिन्ही आकडे मीटिंगच्या सेटिंगमध्ये दिसतात. झूममध्ये 'स्टॅटिस्टिक्स' नावाचं पानच आहे, मीटमध्येही तीन टिंबांच्या आत ट्रबलशूटिंगची खिडकी आहे. तिचा स्क्रीनशॉट आजवर कोणत्याही बाबांनी कोणत्याही ग्रुपवर टाकल्याचं ऐकिवात नाही.

'मग यूट्यूब कसं मस्त चालतं?' हा बाबांचा हुकमी एक्का. चालतं, कारण यूट्यूब पुढचा काही सेकंदांचा माल आधीच आणून ठेवतं. मधे नेट दोन-चार सेकंद मेलं तरी त्या साठ्यावर निभावतं, आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवायला सवड मिळते. तासात साठा कुठून आणणार? पुढचं वाक्य मॅडमनी अजून उच्चारलेलंच नसतं! म्हणून थेट बोलण्यासाठी सहसा यूडीपी ही १९८० सालची पद्धत वापरतात. तिचा खाक्या साफ आहे: पाठवलं, पोचलं तर पोचलं, गेलेल्याचा शोक करायचा नाही. कितीतरी कार्यालयांत आणि काही शाळांतही नेट 'सुरक्षित' करणारा माणूस ही वाटच बंद करून ठेवतो. मग मीटिंगला आडवाटेने जावं लागतं, जिथे एक तुकडा हरवला की तो परत येईपर्यंत मागचे सगळे खोळंबतात. शाळेच्या संगणक कक्षातून, चांगल्या लाइनवरून शिकवणाऱ्या सरांचा तास घरच्यापेक्षा वाईट का चालतो, याचं एक कारण हे असू शकतं. सर बिचारे माइक बदलत राहतात.

मोबाइलच्या दांड्यांवर विश्वास ठेवणारे तर वेगळेच भाविक. 'फुल रेंज आहे हो माझ्याकडे!' असेल. टॉवरचं बोलणं फोनला किती स्पष्ट ऐकू येतं, तेवढंच त्या दांड्या सांगतात. फोनचं बोलणं टॉवरला ऐकू येतंय का, याबद्दल त्या मौन पाळतात. टॉवर दणकट ताकदीने बोलतो, फोनची पाठवण्याची ताकद जेमतेम ०.२ वॅट. शिवाय त्याच टॉवरवर सकाळी नऊ वाजता किती जण लटकलेत, तेही दांड्यांत दिसत नाही. मोबाइलवरून शिकवणाऱ्या मॅडमना सगळा वर्ग स्वच्छ दिसतो-ऐकू येतो आणि वर्गाला मॅडम अजिबात नाहीत, असं होतं ते यामुळे. मॅडमना वाटतं, मुलं नाटक करताहेत.

(काही करतातही. स्वतःचं नाव बदलून 'रिकनेक्टिंग…' ठेवणारी आणि प्रश्न विचारला की डोळेही न मिचकावता बसणारी मुलं जगभरात निपजली. हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, तरी सगळ्यांना शंभरपैकी शंभर.)

आता घरात येऊ, कारण मुळातला चोर बहुतेक वेळा घरातच सापडतो.

घरातलं नेट सर्वांत जास्त कोण खातं? उत्तर 'पोरं' असं येतं. सकाळच्या वेळी ते बहुधा चूक असतं. काल मामाच्या मुलीचं लग्न झालं. आईच्या फोनमध्ये चारशे फोटो आणि हळदीचे व्हिडिओ आहेत. घरी येऊन फोनने वायफाय पकडलं आणि कुणालाही न विचारता तो सगळा ऐवज वर ढगात चढवायला सुरुवात केली. दादाचा लॅपटॉप तेवढ्यात अपडेट उतरवतोय. दाराबाहेरचा कॅमेरा अख्ख्या जिन्याचं चित्रण अहोरात्र कुठल्या तरी सर्व्हरवर पाठवतोय. त्यात चोर कधी दिसला नाही, कुरिअरवाला तेवढा दिसतो. अपडेट सोडला तर या सगळ्याचा भार जाणाऱ्या बाजूवर पडतो, आणि ताईचा 'प्रेझेंट मॅडम' त्याच बाजूने जायचा असतो.

इथे राऊटर एक आगाऊपणा करतो. भार वाढला की जादा माल टाकून देण्याऐवजी तो मोठी रांग लावून घेतो. काहीही वाया जाऊ नये, हा त्याचा सद्हेतू. मग ताईचा वीस मिलिसेकंदांचा तुकडा हळदीच्या व्हिडिओमागे रांगेत उभा राहतो आणि एक-दीड सेकंदाने पोचतो. फोटोंना त्या उशिराने काहीही होत नाही, ताईचा तास मात्र मरतो. जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याने २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरातल्या नेटची चौकशी करताना हा रोग पकडला आणि त्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. त्यावर औषधंही निघाली. बऱ्याच नव्या राऊटरमध्ये रांगेला शिस्त लावणारी, बोलण्याला आधी वाट देणारी सोय असते. ती चालू केलेलं घर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा.

तोवर फुकटचा उपाय आहे. तासाच्या वेळेत फोटोंचा बॅकअप थांबवा. रात्री चढवा, फोटो पळून जात नाहीत. आणि बाबांना स्पीड टेस्टची इतकीच हौस असेल तर त्यांनी फास्ट डॉट कॉमवर लाइन मोकळी असतानाचा उशीर आणि लाइन भरलेली असतानाचा उशीर हे दोन्ही आकडे पाहावेत. पहिला २० आणि दुसरा ६०० निघाला, तर तो स्क्रीनशॉट जरूर ग्रुपवर टाकावा. तीन अंगठे आमच्याकडून.

राऊटरची जागा आपल्याकडे सौंदर्यदृष्टी ठरवते. ते काळं डबडं दिसायला नको म्हणून ते टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत, स्टीलच्या पिंपाच्या वरच्या फळीवर किंवा लोखंडी कपाटाच्या पाठीशी जातं. धातू आणि काँक्रीट दोन्ही वायफायचे वैरी, हे त्या डबड्याच्या खोक्यावरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण खोकं माळ्यावर असतं. शिवाय इमारतीत चाळीस बिऱ्हाडं, चाळीस राऊटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. चाळीस बिऱ्हाडं तीन चॅनेलवर भांडतात, त्यात ब्लूटूथचे इअरफोन याच पट्ट्यात बोलतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात तापतो. दहाच्या तासाला आवाज नेमका का तुटतो, याचा छडा लावताना घरात दहाला दूध कोण गरम करतं तेही विचारावं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बराच मोकळा असतो, फक्त त्याला भिंती सोसत नाहीत. तासाला राऊटरच्याच खोलीत बसावं लागतं. म्हणजे हॉलमध्ये. म्हणजे आजीच्या मालिकेच्या शेजारी. शिक्षणासाठी तेवढा त्याग करावा, आजीने.

आणि खरा उपाय? वायर. राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत एक लॅनची वायर. भिंत, शेजारी, दूध, ब्लूटूथ ही सगळी भुतं त्या वायरीने एका फटक्यात उतरतात. ती फोनच्या कव्हरपेक्षा फार महाग नसते. पण 'वायरलेसच्या जमान्यात वायर?' म्हणून तिला घरात प्रवेश नाही. फरशीवर दिसते, पायात येते, पाहुणे काय म्हणतील! पाहुण्यांना मॅडमचा थिजलेला चेहरा चालतो, वायर चालत नाही.

हे सगळं करूनही चालेना, तर केबलवाल्या दादाला फोन जातो. दादाचं उत्तर छापील असतं: 'वरूनच प्रॉब्लेम आहे.' हे 'वर' नेमकं कुठे, हे महाराष्ट्रातल्या कुणालाही आजवर कळलेलं नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला केलात तर तिकडून उलटं, 'सर, राऊटर रीस्टार्ट करून पाहिलात का?' एकजण दोष आभाळात ढकलतो, दुसरा तुमच्या हॉलमध्ये. दोघांचाही खरेखोटेपणा तपासायचं हत्यार प्रत्येक संगणकात फुकट पडलेलं आहे. त्याचं नाव पिंग. माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरने १९८३च्या डिसेंबरात ते लिहिलं. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडून आधी आपल्या राऊटरला पिंग करायचं. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत, न गळता येत राहिलं तर घरातलं वायफाय निर्दोष. तिथेच दोन-दोनशे दिसायला लागले किंवा उत्तरंच गळाली, तर दादा निर्दोष. टीव्हीच्या मागचं डबडं बाहेर काढा. राऊटर स्वच्छ आणि बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला केलेलं पिंग मात्र लंगडतंय, असं दिसलं तर आधी फोटो चढत नाहीत ना ते पाहायचं, आणि ते बंद असूनही लंगडत असेल तर खरोखरच 'वरून' प्रॉब्लेम आहे. मग त्या खिडकीचा फोटो काढून दादाला पाठवायचा. दादा लगेच येईल असं नाही, पण 'राऊटर रीस्टार्ट करा' असं कुणी म्हणणार नाही, एवढं नक्की.

काही रोगांचा तर नेटशी संबंधच नसतो. झूमचा फुकटचा गट-कॉल ४० मिनिटांनी बंद होतो. तो बंद झाला की अजूनही 'नेट गेलं, नेट गेलं' अशी ओरड होते. पाढ्यांच्या मधोमध रोज त्याच मिनिटाला जाणारं नेट कुणालाच संशयास्पद वाटत नाही. जुना लॅपटॉप तापून मंदावतो आणि चित्र अडखळतं. त्यावर पाठीमागे समुद्रकिनाऱ्याचं खोटं दृश्य लावलं असेल तर त्या गरीब प्रोसेसरला डोक्याचा केस न् केस कापून वेगळा करायचं काम वरून मिळतं. किनारा काढा, लॅपटॉप पांघरुणावरून उचलून टेबलावर ठेवा. झालं नेट दुरुस्त.

इथवर ज्या घरात राऊटर, लॅपटॉप आणि स्पीड टेस्टवाले बाबा आहेत त्यांची चेष्टा झाली. ती त्यांना परवडते. आता बाकीच्यांचं.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८मध्ये, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडे संगणक होता आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती. दोन वर्षांनी शाळा त्याच इंटरनेटवर भरवली गेली. आई-बापांनी जमेल तसे फोन घेतले. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या ग्रामीण पाहणीत २०१८ साली शाळेत दाखल मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२०मध्ये तो आकडा ६१.८ झाला. भाषणांतून हा आकडा डिजिटल क्रांती म्हणून मिरवला गेला. तो फोन बाप सकाळी कामाला घेऊन जातो आणि घरात पोरं तीन, हा तपशील भाषणात बसत नाही.

आणि कोकणात काय झालं? ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. मोबाइलचा टॉवरही विजेवरच चालतो. ती गेली की बॅटरी, बॅटरी गेली की डिझेल, डिझेल संपलं की नुसताच लोखंडी मनोरा. त्याच जूनमध्ये राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'चा गजर सुरू होता. 'लिंक आली का?' विचारणाऱ्याला आधी लाइट आली का ते विचारायचं सुचलं नाही. पुढे रेंजसाठी पोरं डोंगरावर चढली, सिंधुदुर्गात चढली, गोव्यात सांग्याकडेही चढली, आणि आपण त्या फोटोंना 'जिद्द' म्हणून टाळ्या वाजवल्या. पावसात डोंगरावर बसून बीजगणित शिकणारी मुलगी जिद्दी असेलच. ज्यांनी तिला तिथे बसवलं त्यांच्यासाठी कोणता शब्द राखून ठेवलाय?

त्याच वर्षी पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या पाड्यांवर 'बोलकी शाळा' भरत होती. एक लाउडस्पीकर, आधी ध्वनिमुद्रित केलेले धडे, आणि भोवती अंतर राखून बसलेली मुलं. ना लिंक, ना लॉगिन. दूरदर्शन सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायची, तीही कधी 'रिकनेक्टिंग' झाली नाही. ज्यांना जुनाट म्हणून हिणवलं ती साधनं चालली, कारण कुणीतरी आधी पाड्यावर काय पोचतं ते पाहिलं आणि मग धडा तयार केला.

'झालं ते झालं, आता कुठे ऑनलाइन?' असं म्हणू नका. क्लासेस ऑनलाइन आहेतच. आणि शहरांत हवामान खात्याचा लाल इशारा आला, सुट्टी जाहीर झाली, की तासाभरात काही हौशी शाळांचा मेसेज येतो: 'उद्याचे तास ऑनलाइन होतील. उपस्थिती अनिवार्य.' धो धो पाऊस पडणार म्हणून शाळा बंद, आणि धो धो पावसात हमखास जाणाऱ्या विजेवर, झाडाला टांगलेल्या केबलवर आणि बॅटरी संपलेल्या टॉवरवर शाळा चालू! ही आयडिया ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या घरी जनरेटर असणार.

त्यातही 'उपस्थिती अनिवार्य' हा कळस आहे. वर्गात बाक मोडला तर आपण पोराला गैरहजर लावत नाही. फळा पडला तर पालकांना चिठ्ठी जात नाही. शाळेने उभं केलेलं, शाळेने निवडलेलं माध्यम तुटलं, तर मात्र जाब पोराच्या आईला: 'तुमच्याकडून नेटचा प्रॉब्लेम येतोय, बघून घ्या.' आई काय बघून घेणार? तिचं पोर आजवर ज्या नावाने वर्गात बसलेलं आहे ते तिच्या फोनच्या मॉडेलचं आहे. केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी जुलै २०२०मध्ये पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. शाळांनी सहा-सहा तासांचं अख्खं वेळापत्रक ऑनलाइन चढवलं आणि वर हजेरीपट मांडला.

तेव्हा मुख्याध्यापक महोदय, पुढचा लाल इशारा येण्याआधी एवढं करा. ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला शाळेच्या खर्चाने लॅनची वायर द्या, आणि वीज गेली तरी राऊटर दोन-तीन तास चालेल असा छोटा बॅकअपही द्या; स्मार्ट बोर्डच्या उद्घाटनाचे हारतुरे वाचवलेत तरी त्यात बरंच भागेल. दर तासाचं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सअॅपवर टाका, रात्री बापाचा फोन घरी आला की पोर ऐकेल. आणि ऑनलाइन तासाची हजेरी घेणं आजपासून बंद करा.